दहापैकी चार

आठवी-नववीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मुलांनी ‘कशावरूनबाई’ असं नाव ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल होतं की ठेवणाऱ्याची पाठ थोपटावी. वर्गात कुणी काहीही म्हणालं की बाईंचा पहिला शब्द हाच. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवला की ती विझते, का?

“आतली हवा संपली, बाई.”

“कशावरून?”

“विझली ना, म्हणून.”

“म्हणजे हवा संपली म्हणून विझली, आणि विझली म्हणून हवा संपली. स्वतःचीच शेपटी धरून गोल फिरतोयस. बस खाली.”

प्रयोग करून दाखवण्यात बाईंना फारसा रस नव्हता. ग्लास उपडा घालायला अक्कल लागत नाही, असं त्या म्हणत. त्यांचं वेड होतं ते झालेल्या प्रयोगाबद्दल नीट लिहून घेण्याचं. त्यासाठी त्यांनी तीन खणांची एक पद्धत बसवली होती. पहिल्या खणात म्हणणं, म्हणजे तुला काय वाटतं ते एका वाक्यात. दुसऱ्यात पुरावा: काय पाहिलंस, किती वेळा, कधी, आकड्यांत. तिसऱ्या खणाला त्या सांधा म्हणत. हा शब्द त्यांना नळदुरुस्तीवाल्याने दिला. प्रयोगशाळेतलं बेसिन गळत होतं, तो खाली वाकून बघत म्हणाला, “दोन्ही पाइप नवे कोरे आहेत बाई, सांधा गळतोय.” बाई तिथेच थबकल्या. वीस वर्षं मुलांच्या उत्तरांत नेमकं काय गळतं ते त्यांना सांगता येत नव्हतं. म्हणणं असतं, पुरावाही असतो, पण या पुराव्यावरून हेच का म्हणायचं, दुसरं का नाही, हे कुणी लिहितच नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत सांधा सुरू झाला. म्हणण्याला दोन गुण, पुराव्याला चार, सांध्याला चार. सांधा नसला की बाई लाल पेनाने तिथे मोठं शून्य काढत, तेही अगदी गोल.

आणखी एक नियम होता. एका नोंदीवरून काही ठरवायचं नाही, चारांवरूनही नाही. दहा तरी हव्यात. “एकदा घडलं तर योगायोग, दहादा घडलं तर बोला माझ्याशी,” असं त्या म्हणायच्या, आणि मुलं खिडकीतली मुगाची रोपं पट्टीने दहा-दहा दिवस मोजत बसायची. बाई हाडाच्या शिक्षिका होत्या, यात वाद नाही. पण माणसाने घरी येताना चपलांबरोबर शाळाही दाराबाहेर काढून ठेवावी. ते बाईंना कधी जमलं नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. घरात बाई आणि त्यांचे यजमान. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. यजमान दुकानांच्या पाट्या रंगवत, म्हणून अख्खी गल्ली त्यांना ‘पेंटर’ म्हणायची. छापील फ्लेक्स आल्यापासून काम निम्म्यावर आलं होतं, तरी हाताने काढलेल्या अक्षरांचे काही शौकीन अजून शिल्लक होते. खडूची दोरी ताणून, एक डोळा मिटून पेंटर असं अक्षर काढत की छापखान्याने मान खाली घालावी. बोलण्यात मात्र या मोजमापाचा पत्ता नव्हता. राईचा पर्वत करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. दोन फळ्यांच्या दुकानावर ‘जगप्रसिद्ध’ लिहून आले की घरी जुंपायची.

“जगप्रसिद्ध? कशावरून?”

“अगं, त्याचा भाऊ परदेशात आहे. तिथे चार जणांना ठाऊक असेलच की.”

दुखण्याचंही तेच. डोकं दुखलं की फुटायची वेळ यायची, ठेच लागली की पाय गेलाच. पहिली काही वर्षं बाईंनी धावपळ केली. मग ‘पाय गेला’ म्हणणारा माणूस संध्याकाळी त्याच पायाने शिडीवर उभा दिसायला लागला, तसा त्यांनी कानाला खडा लावला. कशावरून, एवढं विचारायचं आणि वही ओढायची. पेंटर दवाखान्यात एकटे कधी जात नसत. सुईचं नाव काढलं तरी पाचावर धारण बसायची त्यांची. बाईंनी हात धरून न्यायचं, नाहीतर नाही, असा तीस वर्षांचा शिरस्ता होता.

म्हणून एका बुधवारी धापा टाकत घरात येऊन ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “आज जिन्याने जीव घेतला बघ माझा,” तेव्हा बाईंनी मान वर केली नाही.

“कशावरून?”

“मध्येच थांबावं लागलं. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं.”

“दिवसभर टर्पेंटाइनच्या वासात असता. दुसरं काय होणार? खिडकी उघडा.”

पेंटरनी खिडकी उघडली. पण या वेळी त्यांनी विषय सोडला नाही, आणि नेहमीसारखा वाढवलाही नाही. तिथेच बाईंना शंका यायला हवी होती. अतिशयोक्ती करणारा माणूस मोजकं बोलायला लागला, हा केवढा मोठा पुरावा! पण तो कुठल्याच खणात बसत नव्हता.

रविवारी दुपारी बाई वह्या तपासत होत्या. गठ्ठ्यात मध्येच एक सुटा कागद निघाला. पाटीसारखी ठाशीव अक्षरं, पट्टीने आखलेले तीन खण. ‘म्हणणं: मला बरं नाही. पुरावा: जिना चढताना दम लागून कितव्या पायरीला थांबलो. बुधवार ४१, गुरुवार ४०, शुक्रवार ३८, शनिवार ३६.’ सांध्याचा खण मोकळा होता. बाईंना हसू फुटलं. स्वयंपाकघराच्या दारात पेंटर मूल उभं राहावं तसे उभे होते.

“तपासा ना, बाई.”

आणि बाईंनी तपासला. गंमत म्हणूनच तपासला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तरी लाल पेन हातात आलं की त्यांना गंमत जमायची नाही, हेही तितकंच खरं. म्हणण्याला दोनपैकी दोन. पुराव्याला चारपैकी दोन. सांध्याला शून्य, गोल. खाली शेरा लिहिला: ‘चार नोंदी अपुऱ्या. रंगाच्या वासाचा परिणाम वेगळा काढलेला नाही. पुन्हा लिहा.’ वर कोपऱ्यात दहापैकी चार, खाली दोन रेघा.

“नापास?” पेंटर म्हणाले.

“काठावर. आणखी सहा नोंदी आणा, मग बघू.”

“दहा झाल्या की येशील माझ्याबरोबर डॉक्टरकडे?”

“दहा झाल्या आणि सांधा पटला, तर लगेच.”

दोघंही हसली. त्या हसण्याचा आवाज बाईंना आजही जशाच्या तसा ऐकू येतो.

पेंटरनी नवा कागद घेतला, जुन्या चार नोंदी त्यावर सुवाच्य उतरवल्या आणि तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चार चिकटपट्ट्यांनी लावला. रोज संध्याकाळी वर येऊन, आधी श्वास जागेवर आणून, मग आकडा लिहीत. रविवार ३१. सोमवार २७. मंगळवार २४. बुधवार २२. बाई तो कागद रोज पाहत होत्या. भाजी चिरताना तो डोळ्यांसमोरच असे. आणि इथे जे झालं ते दुसऱ्या कुठल्याही घरात झालं नसतं. दुसरी कुणीही बायको त्या आकड्यांकडे पाहून नवऱ्याला रिक्षात घालून घेऊन गेली असती. बाईंच्या मनात आलं की नोंदी फार काटेकोर ठेवल्या आहेत. उतरता आलेख छान येईल. पुढच्या आठवड्यात नववीला दाखवता येईल.

“सांधा कुठाय?” त्यांनी बुधवारी विचारलं.

“लिहिलाय. पण शेवटी दाखवीन. नाहीतर तू आधीच गुण कापशील.”

गुरुवारी नोंद २०. शुक्रवारी दोघं बाजारातून एकत्र परतली. पिशव्या बाईंकडे होत्या, पेंटर पुढे चढत होते. “आज दहावी,” ते मागे वळून म्हणाले, “आज सुटका.” पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांनी कठड्याला धरलं आणि खाली बसले. बाईंना आधी वाटलं, थांबलेत. त्यांनी सवयीने पायरी मोजलीसुद्धा. मग पिशवी हातातून सुटली.

इस्पितळात तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, “हा त्रास किती दिवसांपासून होता?” नातेवाईक अशा वेळी ‘बरेच दिवस’ किंवा ‘कालपासून’ म्हणतात. बाईंनी वार आणि आकडे सांगितले, न अडखळता, नऊच्या नऊ. डॉक्टरबाईंचं लिहिणं थांबलं.

“एवढं सगळं टिपून ठेवलंत,” त्या म्हणाल्या, “मग आणलं का नाहीत?”

 “चार-पाच दिवस आधी जरी आला असतात,” असं म्हणून डॉक्टरबाईंनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. संध्याकाळी पेंटर गेले.

मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. ती यायच्या आत बाईंनी कपाटावरचा कागद काढला. तेव्हा त्यांना मागची बाजू पहिल्यांदा दिसली. तिथे पेन्सिलीने, पण त्याच ठाशीव अक्षरात लिहिलं होतं: ‘सांधा. रविवारपासून रंगाला हात लावलेला नाही. दोन पाट्यांची कामं परत पाठवली. तरी पायरी खाली खालीच येते आहे. म्हणजे वास नाही. जिना तोच आहे, पुन्हा मोजला, चोपन्नच आहेत. म्हणजे बदललोय तो मी. आता तरी चल. एकट्याला भीती वाटते.’

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने सांगितल्याशिवाय अशी एक गोष्ट बाजूला काढून दुसरी तपासली नव्हती. बाई खाली फरशीवर बसल्या.  कागदाची घडी घालून त्यांनी तो पर्समध्ये ठेवला. दहापैकी चारवालाही तिथेच होता.

मुलगी दहा दिवस राहिली. बाबांची लाडकी, त्यांच्यासारखीच बडबडी, पण आता गप्प झालेली. एका सकाळी चहा गाळता गाळता तिने विचारलं, “आई, बाबांना आधी काही होत होतं का गं? काही बोलले होते?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “अचानकच झालं सगळं.”

“आणि इथे काय लावलं होतं?” मुलीने कपाटाच्या दारावरचे चिकटपट्टीचे चार डाग नखाने खरवडले.

“वेळापत्रक. शाळेचं.”

पुराव्याशिवाय एक ओळ लिहू न देणाऱ्या बाई एका चहात दोनदा खोटं बोलल्या. मुलीचा विश्वास बसला. तो बसणारच, आई कधी खोटं बोलत नाही हे तिने आयुष्यभर पाहिलेलं. मग येणाऱ्याजाणाऱ्यांना ती सांगू लागली, “काहीच लक्षण नव्हतं, अचानक गेले.” ‘अचानक’ हा शब्द कानावर पडला की बाई उठून आतल्या खोलीत जात. लोकांना वाटे, दुःख आवरत नाही. दुःख तर होतंच. पण त्याहून वाईट होती ती लाज, आणि लाजेपोटी मुलीची केलेली फसवणूक. बाप कसा गेला हे कळण्याचा तिचा हक्क होता, आणि तो आईच्या पर्समध्ये घडी घालून पडला होता. निघताना मुलगी म्हणाली, “तुझं बरं आहे आई, शाळा आहे. मन रमेल.” 

शाळेत काय रमणार? बाई वर्गात शिकवत, फळा भरत, पण ‘कशावरून’ म्हणेनाशा झाल्या. पोरांनी काहीही ठोकून दिलं तरी “बरोबर” म्हणून पुढे जात. सांध्याचा खण कोरा असला तरी पूर्ण गुण. पहिले चार दिवस मुलांना मजा वाटली, मग ती धास्तावली. नववीत चष्मेवाली एक मुलगी होती, प्रत्येक गुणासाठी भांडायची, म्हणून बाईंनीच तिचं नाव ‘वकीलबाई’ ठेवलं होतं. ती वही घेऊन टेबलापाशी आली.

“बाई, मी सांधा लिहिलाच नाहीये. तरी दहापैकी दहा?”

“असू दे.”

“असू दे कसं? चुकलंय ना माझं.”

 बाई उठल्या आणि फळ्यावर चार आकडे लिहिले. ४१, ४०, ३८, ३६. 

“एक माणूस जिना चढतो,” त्या म्हणाल्या. “दम लागून रोज या-या पायरीला थांबतो. त्याचं म्हणणं आहे, मला बरं नाही. या चार नोंदी पुरेशा आहेत का?”

“नाही, बाई!” अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. किती दिवसांनी बाई पूर्वीसारख्या बोलत होत्या, त्याचाच आनंद होता त्या आवाजात. “दहा तरी हव्यात!”

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांचंच वाक्य, त्यांनीच पाठ करून घेतलेलं, पन्नास तोंडांतून परत आलं. त्यांनी टेबलाची कड धरली.

वकीलबाई अजून तिथेच उभी होती. कपाळाला आठ्या घालून फळ्याकडे बघत म्हणाली, “कशासाठी पुरेशा, बाई?”

“म्हणजे?”

“म्हणजे वहीत लिहायला असतील तर कमी आहेत. पण त्याला दवाखान्यात न्यायचं असेल, तर पहिलीच पुरे ना. तिथे चुकलं तरी काय जाणार आहे? एक दुपार.”

 मागच्या बाकावरचं कुणीतरी “हो की” असं पुटपुटलं. तीन खण आखून देताना हा प्रश्न बाईंनी एकदाही विचारला नव्हता. पुरावा किती हवा हे त्या शिकवत होत्या. तो जमेपर्यंत कोण थांबलंय, आणि त्याला थांबणं परवडणार आहे का, हे शिकवायचं राहूनच गेलं होतं.

“मग नेलं का त्याला, बाई?” वकीलबाईने विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या.

तास संपल्याची घंटा झाली.

त्या दिवशी घरी येताना बाई अठराव्या पायरीपाशी क्षणभर थांबल्या. वर येऊन त्यांनी पर्समधले दोन्ही कागद काढून टेबलावर पसरले. दुसऱ्या कागदावर दहावी ओळ आखलेली होती, वार लिहून ठेवलेला होता, आकडा नव्हता. ती नोंद त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. त्यांनी लाल पेन बाजूला ठेवलं, डब्यातून पेंटरची पेन्सिल घेतली आणि शुक्रवारपुढे १८ लिहिलं. मग मुलीला फोन लावला.

“आई? या वेळेला? बरी आहेस ना?”

“मी तुला खोटं सांगितलं,” बाई म्हणाल्या. “बाबा अचानक गेले नाहीत. त्यांना दहा दिवस त्रास होत होता. मला माहीत होतं. त्यांनी सांगितलं, लिहून दिलं, आणि मी त्याला गुण दिले. दहापैकी चार. आणखी नोंदी आणा, असं मीच म्हणाले. ते माझ्यामुळे गेले.”

 मुलगी रडवेल्या सुरात बोलू लागली. “असं नको ना म्हणूस, आई. बाबा तसे रोजच काहीतरी म्हणायचे. तुला काय कळणार होतं? तुझ्यामुळे गेले, कशावरून?” या शब्दाचा तिला लहानपणापासून तिटकारा होता. ताप आला, पोट दुखलं, मैत्रीण भांडली, प्रत्येक वेळी तोच शब्द समोर यायचा. आज तो तिने स्वतःहून उचलला होता, आईला सोडवण्यासाठी. कुठेतरी पुरावा कमी पडावा, एवढीच तिची इच्छा होती.

बाईंनी कागद उजेडाकडे धरला आणि वाचायला सुरुवात केली. “बुधवार, एकेचाळीस. गुरुवार, चाळीस. शुक्रवार, अडतीस. शनिवार, छत्तीस. इथे मी तपासलं. रविवार, एकतीस. रंग बंद. सोमवार, सत्तावीस. मंगळवार, चोवीस. बुधवार, बावीस.”

“आई,” मुलगी म्हणाली, “पुरे.”

बाईंनी उरलेल्या दोन नोंदीही वाचल्या.